चौदा आणि पंधराचा शेजार

सम्यक ही गोष्ट लिहिणारच नव्हता. दोनदा मोबाईलमध्ये टाइप केली, दोनदा उडवली. जो माणूस दादरमध्ये सीसीटीव्ही लावायचं काम करतो, ज्याचं पोटच 'कुठून काय दिसतं' यावर चालतं, त्याने जहाजातली बाल्कनी निवडताना अशी माती खाल्ली हे जगाला कशाला सांगा? पण राजेशने आधीच अर्ध्या लालबागला सांगून टाकलं होतं, आणि तेही चुकीचं. त्याच्या व्हर्जनमध्ये सम्यक बंदरावर रडतो. सम्यक रडला नव्हता. डोळ्यात धूर गेला होता. तेव्हा आता जे खरं झालं ते.

लालबागच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर चौदा नंबरात सम्यकचं घर, पंधरात राजेशचं. चौदात बकुळा, सम्यकची आई. पंधरात गंगुबाई, राजेशची आई, सम्यक तिला काकी म्हणायचा. दोघींची दारं एकाच गॅलरीत, मध्ये फक्त पाण्याचा पिंप. संध्याकाळी साडेपाच वाजले की दोघी दारात बसायच्या. एकीच्या पुढ्यात लसूण, दुसरीच्या पुढ्यात कोलंबी, आणि सोलून निघायची अख्खी चाळ.

अश्विनातल्या पौर्णिमेला तर मजा असायची. बकुळाचा वर्षावास, म्हणजे बौद्धांचा पावसाळ्यातला व्रतकाळ, त्या दिवशी संपायचा, म्हणून चौदात खीर. गंगुबाईची कोजागिरी, म्हणून पंधरात मसाला दूध. पोरांनी आधी खीर खायची की आधी दूध प्यायचं, यावर दोघी पस्तीस वर्षं भांडल्या. निकाल लागला नाही, कारण दोघींनाही तो लावायचा नव्हता.

मग चाळ पडली, टॉवर उभे राहिले, चिठ्ठ्या निघाल्या. बकुळाला ए विंगचा सहावा मजला लागला, गंगुबाईला सी विंगचा एकोणिसावा. कंपाउंड एकच. पण जाणं-येणं कमी झालं ते झालंच.

"चपला घालायच्या, गाऊनवर ओढणी घ्यायची, दोन लिफ्ट करायच्या, वॉचमनला हसायचं. एवढं करून गेले की मी पाहुणी झाले ना," बकुळा म्हणायची. "पाहुणीला चहा विचारतात. गंगूने मला आयुष्यात कधी चहा विचारला नाय. सरळ कप हातात द्यायची."

तीन वर्षं हे असं चाललं. आणि यंदा राजेशची बँकेने नागपूरला बदली केली. दिवाळी झाली की निघायचं, आईला घेऊन.

हे फोनवर कळलं. बकुळाने नुसता फोन ठेवला आणि आधीच घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. सम्यकने ते बघितलं आणि त्याच्या डोक्यात आयडिया आली. कोजागिरीची क्रूझ. मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्री. दोन बाल्कनीवाल्या केबिन, एकमेकींना लागून. दोन बाल्कन्यांमधला पत्रा सांगितलं तर काढून देतात, असं त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं.

"म्हणजे गॅलरीच झाली ना रे," तो राजेशला म्हणाला. "तीन दिवस दोघींना गॅलरी देऊ. मग ने तुझ्या आईला नागपूरला."

राजेशने आधी बोटांवर सुट्ट्या मोजल्या. मग म्हणाला, "केबिन लागून असल्या पाहिजेत. बस. बाकी तू आम्हाला कुठल्या कोपऱ्यात टाकतोस ते टाक."

"अरे, मी आहे ना."

हे चार शब्द सम्यकला आजही आठवत नाहीत. राजेश आठवण करून देतो.

तर पुढच्या रविवारी जहाजाचा नकाशा झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणला आणि बकुळाच्या हॉलमध्ये लादीवर पसरला. चारी कोपऱ्यांवर चार वाट्या. सम्यक पेन घेऊन बसला, अगदी साइट व्हिजिटला बसतो तसा.

"संडास कुठे?" बकुळाने सुरुवात केली.

"केबिनमध्येच आहे, आई. प्रत्येकीला वेगळा."

"मग सकाळी कोण कोणाला भेटणार?"

"आई, लोक बाथरूम आत असण्यासाठी पैसे देतात."

"देत असतील. त्यांना बोलायला कोणी नसेल."

गंगुबाईंनी चष्मा लावून नकाशावर बोट ठेवलं. "ह्याच्यार काय हा?"

"वरच्या मजल्यावर जेवणाचा हॉल, काकी."

"नको रे बाबा. रात्रभर टेबला सरकवतीत. आणि जिन्याजवळ नको. येतलो जातलो डोकावता."

"जिन्याजवळच पाहिजे," बकुळा म्हणाली. "नायतर कोण आलं, कोण गेलं, कळणार कसं?"

"गो, ती जहाजावरची माणसा. तुझी कोण लागतत?"

"तीन दिवसांत लागतील."

सम्यकने दोन्ही लिहून घेतलं. मग जरा रुबाबात म्हणाला, "एक चांगलं आहे. इथल्या सगळ्या बाल्कन्या सी-फेसिंग आहेत."

"समुद्र कशाक?" गंगुबाई म्हणाल्या. "जहाजार बसलंव म्हणजे समुद्र आसतलोच. माका जमीन दिसाक व्हयी. आमच्या देवगडच्या बाजूची."

ज्या शहरात लोक समुद्राची एक चीर दिसावी म्हणून बाथरूमच्या स्टुलावर चढतात, त्या शहरात काकी जमीन-फेसिंग मागत होती. पण सम्यकला हा प्रश्न आवडला. हा त्याच्या धंद्यातला होता. जहाज मुंबईहून दक्षिणेला जाणार, म्हणजे किनारा डाव्या हाताला. चंद्र उगवणार पूर्वेला, म्हणजे तोही डावीकडेच. त्याने नकाशाच्या डाव्या बाजूला एवढी जाड रेघ मारली की कागद फाटला.

"डावी बाजू! जमीन पण तिकडे, चंद्र पण तिकडे. फायनल."

"हुशार हा हो तुझो," गंगुबाई बकुळाला म्हणाल्या. तीन आठवड्यांनी हे वाक्य त्यांनी परत घेतलं.

राहिला प्रश्न पुढे, मध्ये की मागे. कुठे कमी हलतं? यासाठी सम्यकने धनेशला पकडला. धनेश वरळी कोळीवाड्यातला, शाळेपासूनचा दोस्त, घरची बोट. तो म्हणाला, "मला विचारू नको. बस बोटीत, बघ स्वतः."

मग रविवारी सकाळी टेस्ट झाली. पुढच्या टोकाला सम्यक, मध्ये राजेश, मागे इंजिनपाशी धनेश. तिघांच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास. धनेशने बोट बाहेर काढली. पहिल्याच लाटेत सम्यकचा अख्खा चहा सम्यकच्या पँटवर. राजेशचा अर्धा ग्लास शाबूत. धनेशचा पूर्ण शाबूत, कारण तो त्याने पिऊन टाकला होता.

"मध्येच घे," धनेश म्हणाला.

"पण ती एवढी मोठी बोट आहे. तिला तुझ्या बोटीसारखं होईल का?"

"ते मला काय माहीत? मी कधी बसलो नाय. पण चहा सांडला ना? झालं मग."

असा सगळा अभ्यास. डावी बाजू, मधला भाग, डोक्यावर हॉल नको, जिन्यापासून चार दारं सोडून. सम्यकने ते एका कागदावर लिहिलं आणि पाकिटात ठेवलं.

दोन दिवसांनी तो दादरला एका साडीच्या दुकानात शिडीवर चढून कॅमेरा फिट करत होता, तेव्हा बुकिंगवाल्या श्रेयाचा फोन आला.

"सर, डाव्या बाजूला मधल्या भागात तीन लागून केबिन शिल्लक आहेत. लिंक पाठवलीय. बघून लगेच सिलेक्ट करा, भराभर जातायत."

सम्यकने एका हातात ड्रिल धरून दुसऱ्या हाताने लिंक उघडली. नंबरांची लांबलचक यादी. खाली सरकवता सरकवता अंगठा थांबला. ७०१४. त्याच्या खाली ७०१५. दोन्ही हिरवे. दोन्ही रिकामे.

चौदा आणि पंधरा!

टॉवरमध्ये येऊन तीन वर्षं झाली होती. तरी अजून कोणी पत्ता विचारला की बकुळाच्या तोंडून आधी 'तिसरा माळा, चौदा' हेच यायचं. आणि आता समुद्रात, सातव्या मजल्यावर, चौदा आणि पंधरा शेजारी शेजारी रिकामे उभे होते. जणू त्यांच्यासाठी कोणी रुमाल टाकून ठेवला होता. पाकिटातला कागद पाकिटातच राहिला. त्याने दोन्ही दाबले.

"सर, पण हे दोन नंबर..." श्रेया म्हणाली.

"मॅडम, आमच्या चाळीचे आहेत ते! सेम टू सेम!"

"हो सर, पण तुम्ही एकदा प्लॅन..."

"अरे ए," खालून दुकानाचा शेठ ओरडला, "कॅमेरा लावतोयस का मोबाईल बघतोयस?"

"करा मॅडम, कन्फर्म करा!" सम्यकने फोन खिशात टाकला आणि भोक पाडलं. भोकसुद्धा चुकीच्या जागी पडलं, पण त्या दिवशी त्याला कशाचंच काही वाटलं नाही.

संध्याकाळी त्याने घरी सांगितलं. बकुळा खुर्चीवर बसली, उठली, परत बसली. मग म्हणाली, "चौदा माझी ना?"

"तुझीच."

"आणि पंधरा गंगूची." एवढं म्हणून ती थेट चपला घालून सी विंगला गेली. त्या रात्री राजेशच्या फोनवरून काकीची तीन मिनिटांची व्हॉइस नोट आली. त्यातली अडीच मिनिटं नुसतं नाक शिंकरणं होतं.

निघायच्या चार दिवस आधी सम्यक वरळीला धनेशकडे गेला. धनेशला जहाज बघायचं होतं, म्हणून नकाशा बरोबर. धनेशने तो जाळ्याच्या ढिगावर पसरला.

"दाखव, कुठली घेतली?"

"ही बघ. चौदा."

"ही तर नाकावरच हाय! मध्ये घे सांगितलेलं ना? तुझा चहा काय गंमत म्हणून सांडवला?"

"अरे ऐक तर. चौदा आणि पंधरा मिळत होते. चाळीचे नंबर."

"बरं. पंधरा कुठाय?"

सम्यकचं बोट चौदाच्या शेजारी गेलं. तिथे सोळा होता. दुसऱ्या बाजूला गेलं. तिथे बारा. तो पुढे शोधत गेला, मागे शोधत गेला. मग धनेशनेच नकाशाच्या पार पलीकडच्या कडेवर बोट टेकवलं.

"हा काय तुझा पंधरा."

सम्यकने नकाशा फिरवून बघितला.

"मध्ये काय आहे रे?" सम्यकने विचारलं. उत्तर दिसत होतं, तरी विचारलं.

"मध्ये?" धनेश म्हणाला. "मध्ये जहाज हाय."

सम्यकने तिथूनच श्रेयाला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "सर, मी तेच सांगत होते. सम नंबर सगळे डावीकडे, विषम सगळे उजवीकडे. रस्त्यावर बिल्डिंगांचे असतात ना, तसे." जहाज फुल झालं होतं. आता एकच मार्ग होता. चढायच्या वेळी कोणी दुसरा प्रवासी तयार झाला, तर काउंटरवर केबिनची अदलाबदल करून मिळेल.

चाळीत वाढलेल्या माणसाला चौदाच्या पुढे पंधरा येतो हे शिकवावं लागत नाही. ते चुकूही शकतं, हे मात्र त्याला सव्वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

त्याने राजेशला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. तिने चौदा नंबरच्या बाल्कनीसाठी नवीन सतरंजी घेतली होती.

निघायच्या दिवशी बॅलार्ड पिअरला ही रांग. दोघी आया बॅगांवर बसल्या होत्या. गंगुबाईंनी अबोलीचा गजरा घातला होता, बकुळाने पांढरी साडी नेसली होती, आणि राजेश चौघांची आधार कार्डं पत्त्यांसारखी हातात धरून उभा होता. सम्यक पाच मिनिटांत येतो म्हणून गेला आणि रांगेत एकेकाला विचारत सुटला.

"एक्स्क्यूज मी, सात हजार सोळा का? नाही? बारा? सात हजार बारा कोण आहे?"

सोळावाले सापडले. नवीन लग्न झालेलं जोडपं. सम्यकने हात जोडून सांगितलं, तुम्ही आमचा पंधरा घ्या, आम्हाला सोळा द्या. नवऱ्याने विचारलं, "पंधरातून चंद्र दिसतो?" सम्यक खोटं बोलायला बघत होता, पण तोंडातून निघालं, "तसा लगेच नाही." बायकोने नवऱ्याचा दंड धरून त्याला पुढे नेलं.

बारावाले सहा जण होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग सगळे एकदम हसले.

सम्यक मागे वळला तर राजेश तिथेच उभा. किती वेळ होता, देव जाणे.

"काय चाललंय?"

"काही नाही रे."

"सम्यक."

सम्यकने सांगितलं. राजेशने सगळं ऐकलं. मग हळू आवाजात म्हणाला, "माझ्या ब्रँचमधले कॅमेरे तूच लावलेस ना?"

"हो."

"परत आलो की सगळे चेक करायला लावतो."

"राजा, यार..."

"एकच गोष्ट सांगितली होती रे तुला. एकच! लागून पाहिजेत. मी नागपूरला कुठली गॅलरी देणार आहे तिला? तिकडे ओळखतं कोण तिला?" त्याचा आवाज चढला, आणि पाच बॅगा पलीकडून गंगुबाईंनी मान वळवली.

मग काय, सांगावं लागलं. सम्यक आईसमोर उकिडवा बसला, नकाशा उघडला आणि चौदा दाखवला. मग बोट सरकवत सरकवत जहाज ओलांडून पंधरावर नेलं. (राजेश म्हणतो तो रडण्याचा प्रसंग हाच. बाजूने ट्रक गेला होता. असो.)

"म्हणजे गंगू तिकडे आणि मी इकडे," बकुळा म्हणाली.

"हो."

"परत ए विंग, सी विंग."

गंगुबाईंनी नकाशा ओढून मांडीवर घेतला. चष्मा पुसला.

"सोळावाल्यांनी दिला नाय?"

"नाही दिला, काकी. चंद्र डावीकडे आहे ना. डावी बाजू कोण सोडेल?"

"आणि हयसर, माझ्या बाजूक? सतरात कोण हा?"

"असेल कोणीतरी. तिकडे काही दिसत नाही. नुसता समुद्र."

"मगे ती माणसा रडत आसतली," गंगुबाई म्हणाल्या. "तेंका चौदा दी. आमका सतरा घे. बकुळा येतली माझ्या बाजूक."

सम्यक बघतच राहिला. दोन रविवार, तीन ग्लास चहा आणि एक पँट घालवून त्याने डावी बाजू काढली होती. ती अशी देऊन टाकायची?

"पण काकी, जमीन! देवगड! आणि आई, कोजागिरीचा चंद्र उगवताना..."

"चंद्र लालबागमधूनपण दिसतो," बकुळा म्हणाली. "गंगू दिसणार नाय. जा, सतरावाले शोध."

सतरावाले निघाले गिरगावचे. रघुवीर आणि कौसल्या, दोघं साठीच्या पुढचे. गळ्यात दुर्बीण असूनही रघुवीर कडवट चेहऱ्याने उभे होते, कारण कौसल्याबाई त्यांना सारखं ऐकवत होत्या, "मी डावी घ्या म्हटलं होतं." सम्यकला वाटलं, काम झालं. तो गेला आणि म्हणाला, "काका, तुम्हाला डावीकडची केबिन हवी का? आम्ही देतो. बदल्यात तुमची द्या. वर काही नको."

रघुवीरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "का?"

"म्हणजे?"

"डावी बाजू. आजच्या दिवशी. फुकट. का? काय भानगड आहे तिच्यात?"

"भानगड काही नाही, काका."

"समोर लाइफबोट टांगलेली आहे?"

"नाही."

"गळते?"

"जहाज आहे, काका. गळत असतं तर..."

"डोक्यावर डिस्को आहे? शेजारी लहान मूल? आधीच्या कोणी आत काही... म्हणजे, कोणी गेलं वगैरे?"

"अहो, देतायत तर घ्या ना," कौसल्याबाई म्हणाल्या.

"तू थांब. मी मुंबईत अडुसष्ट वर्षं राहतोय. आजवर मला कोणी व्ह्यू फुकट दिलेला नाही."

सम्यकने सगळं सांगितलं. चाळ, चौदा, पंधरा, ए विंग, सी विंग, नागपूर. रघुवीरांचा चेहरा आणखीच संशयी झाला. एवढी लांब गोष्ट खरी असेल असं त्यांना वाटेना. शेवटी ते स्वतः चालत गेले आणि बॅगांवर बसलेल्या दोघींकडे लांबून दुर्बिणीतून बघून आले. बकुळा गंगुबाईंचा गजरा नीट करत होती आणि गंगुबाई तिच्यावर कशावरून तरी खेकसत होत्या.

"ठीक आहे," रघुवीर परत येऊन म्हणाले. "पण आधी मी आत जाऊन केबिन बघणार. मगच सही."

आणि खरंच बघितली. काउंटरवरच्या पोराला घेऊन वर गेले, बाल्कनीत उभे राहिले, नळ सोडून बघितले, भिंतीवर टकटक केली, फ्लश ओढला. वीस मिनिटांनी खाली येऊन सही केली, तेव्हा त्यांच्या तोंडावर आपण अजूनही फसतोय असाच भाव होता.

अशा रीतीने बकुळाला सतरा मिळाली. चौदा नाही, पण पंधराच्या शेजारी. उजव्या बाजूला पंधरानंतर सतराच येतो.

मधला पत्रा काढायला रामदास नावाचा केबिन सांभाळणारा आला. तो म्हणाला, "मॅडम, फॉर्म भरावा लागेल, सुपरवायझरची परमिशन लागेल, उद्यापर्यंत होईल."

गंगुबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "खयचो रे तू?"

"वेंगुर्ल्याचो, काकी," रामदास बेसावध होता.

"वेंगुर्ल्यात खय? कोणाचो?"

चार मिनिटांत रामदासच्या आत्याच्या सासरपर्यंत गाडी पोचली. सहाव्या मिनिटाला पत्रा निघाला. फॉर्म त्याने मागाहून स्वतःच भरून आणला.

जहाज सुटलं. बकुळाने सतरंजी अंथरली. दोन खुर्च्या होत्या त्या बाजूला सारून दोघी खाली, भिंतीला टेकून बसल्या, एकमेकींकडे तोंड करून. समुद्राकडे पाठ. सम्यक हताश होऊन बघत होता. अख्खा अरबी समुद्र मावळत्या उन्हात लाल झालेला, आणि या दोघी सी विंगच्या सेक्रेटरीच्या सुनेबद्दल बोलत होत्या.

तेवढ्यात माइकवरून सांगितलं, जहाजाच्या डाव्या बाजूला कोजागिरीचा चंद्र उगवतो आहे, सर्वांनी डेकवर यावं. पळापळ झाली.

"आई, चल! काकी, उठा ना!"

"तुम्ही बघून या," गंगुबाई म्हणाल्या. "आणि सांगा कसो दिसता तो."

पोरं वर गेली. चंद्र भारी होता, खोटं कशाला बोला. खाली सातव्या मजल्याच्या बाल्कनीत रघुवीर दुर्बीण लावून उभे होते, आणि ते चक्क हसत होते. डेकवर मसाला दूध वाटत होते, बाजूला तांदळाची खीरपण होती. राजेशने दूध घेतलं, सम्यकने खीर, आणि दोघं खाली आले.

"आधी खीर," बकुळा हात पुढे करून म्हणाली.

"खुळी की काय? कोजागिरीक आधी दूध."

"पौर्णिमेला आधी खीर. पस्तीस वर्षं सांगतेय."

"पस्तीस वर्षा चुकता हस."

राजेश आणि सम्यकने एकमेकांकडे बघितलं, ग्लास सतरंजीवर ठेवले आणि गुपचूप सटकले. दार लावलं तरी आवाज येत होता.

तीन दिवस दोघी तिथेच होत्या. गोव्याला एकदा उतरल्या, मासळी बाजार बघितला, भाव ऐकून गोव्याला नावं ठेवली आणि परत येऊन बसल्या. नाकावरची केबिन, हलायची बऱ्यापैकी. चहाचा कप सतरंजीवरून एकीकडून दुसरीकडे आपोआप सरकायचा. बकुळाला ते आवडलं. उठून द्यायला लागत नाही, म्हणाली.

परतीच्या दिवशी दुपारी दारावर जोरात थाप पडली. सम्यकने उघडलं. रघुवीर, डोळे लाल, दुर्बीण हातात.

"तुम्हाला माहीत होतं!"

"काय झालं, काका?"

"जहाज वळलंय! आता उत्तरेला चाललंय! किनारा उजवीकडे आलाय आणि आमच्यासमोर नुसतं पाणी! मला आधीच वाटलं होतं, यात भानगड आहे!"

सम्यक आपल्या बाल्कनीकडे वळला. खरंच की. कठड्यापलीकडे लांबवर हिरवट डोंगरांची रेघ दिसत होती. चंद्राच्या नादात परतीचा अँगल त्याने काढलाच नव्हता. कुठून काय दिसतं यावर पोट चालणारा माणूस, आणि हे त्याला गिरगावच्या म्हाताऱ्याकडून कळत होतं.

"काकी, तुमची जमीन!" तो ओरडला. "देवगडच असणार!"

गंगुबाईंनी मान जराशी वळवली, डोंगरांकडे बघितलं, "होय रे, बरा दिसता," म्हणाल्या आणि पुन्हा बकुळाकडे वळल्या. "मगे? ती सून काय म्हणाली?"

तोवर रघुवीरांच्या मागून कौसल्याबाई आत आल्या होत्या. बकुळाने त्यांना 'या' म्हटलं नाही की 'बसा' म्हटलं नाही. सतरंजीवर थोडी सरकली आणि चहाचा कप सरळ त्यांच्या हातात दिला. कौसल्याबाई बसल्या त्या बसल्याच. रघुवीर कठड्याला धरून उभे राहिले आणि दुर्बिणीतून दिसणारी प्रत्येक गोष्ट आपल्यापासून लपवून ठेवली होती, अशा आवाजात सांगायला लागले.

राजेश आणि सम्यक बाहेर पॅसेजमध्ये येऊन भिंतीला टेकून बसले. तीन दिवसांत राजेशने त्याला शिव्या घालायचं थांबवलं होतं, पण माफ केलंय असंही म्हटलं नव्हतं. त्याने मोबाईल काढला.

"नागपूरच्या ब्रोकरने फोटो पाठवलेत. हा बघ, नववा मजला, गार्डन-फेसिंग. हा दुसरा, तलाव दिसतो. तू बघ ना. तुझं काम आहे."

सम्यकने एकेक फोटो बघितला. हॉल, किचन, बाल्कनी, बाल्कनीतून तलाव. बंद दारं. चकचकीत लादी.

"शेजारी कुठे आहेत?"

"शेजारी फोटोत कोण टाकतं, येड्या?"

आतून तिघींचा हसण्याचा आवाज आला. त्यात काकीचा सगळ्यात मोठा. राजेश फोन तसाच हातात धरून ऐकत राहिला.

"काय करू रे तिचं तिकडे?" तो म्हणाला.

"सही करू नकोस," सम्यक म्हणाला. "शनिवारी मी येतो तुझ्याबरोबर नागपूरला. तलाव राहू दे, गार्डन राहू दे. साडेपाचला प्रत्येक बिल्डिंगच्या प्रत्येक मजल्यावर फिरतो. ज्या मजल्यावर एखादी बाई दार उघडं टाकून लसूण सोलत बसलेली असेल ना, तिच्या बाजूचंच घर घ्यायचं. एका शनिवारात नाही सापडलं तर पुढच्या शनिवारी परत येतो. त्याच्या पुढच्यापण. सापडेपर्यंत येतो, राजा. प्रॉमिस."